कुठली सुरमई?

रविवारी सकाळी नवीन पनवेलमध्ये मासळी घ्यायला गेलं की एकाच फळीवर दोन मासे शेजारी शेजारी दिसतात. दोन्ही लांबट, चंदेरी, टोकदार तोंडाचे. एकाच्या अंगावर पाठीकडून पोटाकडे उतरणारे बारीक, नागमोडी राखाडी पट्टे; दुसऱ्याच्या अंगावर गोल काळपट ठिपके. "मावशी, ही कुठली मासळी?" "सुरमई." "आणि ती?" "ती पन सुरमईच हाय." भाव मात्र दोन वेगळे सांगितले जातात आणि गिऱ्हाईक मनात म्हणतं, यातली एक नक्की खोटी असणार.

खोटी कुठलीच नसते. मावशी बरोबर सांगत असतात. रायगडातल्या एखाद्या गावात नुसतं 'पाटील' असा पत्ता घालून पत्र आलं, तर पोस्टमन पहिला प्रश्न विचारतो, कुठले पाटील? आडनाव खरं असतं, पण घर सापडायला ते पुरत नाही. सुरमई हे असं आडनाव आहे. किंगफिश, मॅकेरल, ट्यूना, मार्लिन, तलवार मासा ही खोल पाण्यातल्या मोठ्या माशांची नावंही याच प्रकारची. एका नावाखाली चार-पाच जाती, आणि पुन्हा एकेका जातीला प्रत्येक किनाऱ्यावर वेगळं नाव. यातून वाट काढायची तर नाव क्षणभर बाजूला ठेवून माशाच्या अंगाकडे नीट पाहायला हवं. हा खटाटोप केवळ हौसेचा नाही. समोरची मासळी पूर्ण वाढलेली आहे की अजून पिल्लू आहे, हे ठरवायलाही तोच लागतो.

बांगड्याची थोरली भावंडं

सुरमई, बांगडा, कुपा (याला गेदरही म्हणतात) आणि दूर समुद्रातले मोठे ट्यूना हे सगळे एका कुळातले. शास्त्रीय भाषेत या कुळाला स्कॉम्ब्रिडी म्हणतात आणि त्यात पन्नासच्या थोड्या वर जाती आहेत. तळाशी दबा धरून बसणं किंवा खडकात लपणं हे यांचं काम नाही. हे मोकळ्या पाण्यात सतत पोहत राहणारे शिकारी आहेत, आणि त्यांच्या अंगाची ठेवण त्याच कामासाठी घडलेली आहे.

या कुळाची खूण शेपटीच्या बाजूला सापडते. पाठीवर दोन पर असतात. त्यातला दुसरा संपला की तिथून शेपटीपर्यंत चिमुकल्या, सुट्या परांची एक रांग लागते, आणि तशीच रांग खाली पोटाच्या बाजूलाही असते. बांगड्यात हे छोटे पर साधारण पाच, सुरमईत आठ ते दहा. शेपटीकडे जाणारं पाणी वळवायला आणि त्यातले भोवरे आवरायला त्यांचा उपयोग होतो, असं मानलं जातं. पाठीवरचा पहिला पर वेगात असताना मिटतो आणि पाठीतल्या खाचेत जाऊन बसतो, त्यामुळे पाण्याला अडथळा उरत नाही.

दुसरी खूण डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळते. शेपटीच्या मुळाशी, जिथे मासा सगळ्यात बारीक होतो तिथे, बाजूने बोट फिरवून पाहा. बांगड्याला तिथे दोन छोटे उंचवटे लागतात. सुरमईला आणि ट्यूनाला त्या दोघांच्या मध्ये तिसरा, चांगला ठसठशीत कंगोरा असतो. शेपटी वेगाने डावी-उजवीकडे मारताना या बारीक जागेवर प्रचंड ताण येतो. कंगोऱ्यामुळे तिला बळकटी मिळते आणि ती पाणी कापतही जाते. म्हणून शेपटीकडचा तुकडा पदरात पडला तर नाराज होऊ नये. माशाची ओळख सांगणारा तोच सर्वात खात्रीचा तुकडा.

पट्टे, ठिपके आणि रेघा

आपण ज्यांना सुरमई म्हणतो ते मासे स्कॉम्बेरोमोरस या प्रजातीतले. प्रजाती म्हणजे अगदी जवळच्या जातींचा गट. जगात या प्रजातीच्या अठरा जाती आहेत आणि भारताच्या किनाऱ्यावर त्यातल्या चार मिळतात. पनवेलच्या गिऱ्हाइकाला पहिल्या दोन नीट ओळखता आल्या तरी पुष्कळ झालं.

सर्वात मोठी पट्ट्यांची सुरमई. तिच्या दोन्ही बाजूंना उभे, अरुंद, किंचित लहरी पट्टे असतात. पूर्ण वाढलेल्या माशावर ते चाळीस-पन्नास भरतात, पण पिल्लावर बहुधा विसाहूनही कमी. पोटाकडे येताना हे पट्टे कधी कधी तुटून ठिपक्यांसारखे दिसतात आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. ही सुरमई दोन मीटरपेक्षा लांब होऊ शकते आणि सत्तर किलोपर्यंतच्या वजनाची नोंद आहे. तिचं शास्त्रीय नाव कॉमर्सन या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकावरून आलं. बुगेनविल या दर्यावर्दीच्या पृथ्वीप्रदक्षिणेत तो जहाजावर होता, १७७३ मध्ये मॉरिशसमध्ये वारला, आणि त्याने मागे ठेवलेल्या टिपणांच्या आधारे लासेपेद या शास्त्रज्ञाने १८०० मध्ये या माशाला नाव दिलं.

दुसरी ठिपक्यांची सुरमई. अंगाच्या मधोमध जाणाऱ्या रेषेच्या आसपास गोल तपकिरी-काळ्या ठिपक्यांच्या दोन-तीन विस्कळीत रांगा असतात. ही लहान चणीची, फार तर पाऊण मीटर. तिचं नामकरण १८०१ मधलं आणि त्यासाठी अभ्यासलेला नमुना आपल्याच देशातला होता, तमिळनाडूतल्या थरंगमबाडीचा. तिथे तेव्हा डेन्मार्कची वसाहत होती.

तिसऱ्या जातीच्या अंगावर आडव्या, तुटक रेघा असतात. चौथी कोरियाई सुरमई ठिपक्यांचीच, पण अंगाने जास्त रुंद. या दोघींची गाठ आपल्याकडे क्वचित पडते.

रंगावर मात्र सगळा भार टाकू नये. मासा पाण्याबाहेर आला की रंग फिका पडू लागतो, बर्फात राहिला की आणखी पुसट होतो, आणि वर जाळ्याच्या घासण्याने वळही उठतात. शास्त्रज्ञ म्हणून एका वेगळ्याच रेषेकडे बघतात.

अंगावरची ती बारीक रेषा

कल्ल्याच्या मागून निघून शेपटीपर्यंत जाणारी एक बारीक रेषा बहुतेक माशांच्या अंगावर असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. ती नक्षी नाही, ते एक ज्ञानेंद्रिय आहे. या रेषेवर बारीक छिद्रं असतात, छिद्रांच्या आत एक नळी, आणि नळीत सूक्ष्म केसांच्या पेशी. बाहेरचं पाणी हललं की नळीतला द्रव हलतो, केस वाकतात आणि मेंदूला संदेश जातो. शेजारचा मासा कुठे वळला, समोरचा तारलीचा थवा कुठल्या दिशेने पळाला, हे अंधारातही माशाला कळतं ते यामुळे. आपल्या कानातही आवाज टिपायला अशाच केसांच्या पेशी आहेत.

ही रेषा प्रत्येक जातीत आपापल्या ठरलेल्या वाटेने जाते आणि मासा मेल्यावरही ती वाट बदलत नाही. पट्ट्यांच्या सुरमईत ती पाठीशी समांतर सरळ येते आणि दुसऱ्या पाठपराच्या शेवटाखाली एकदम खाली झुकते. ठिपक्यांच्या सुरमईत असा झोक नसतो. रेषा हळूहळू उतरत जाते, आणि पुढच्या भागात तिला वर-खाली बारीक फाटे फुटलेले असतात. आडव्या रेघांच्या सुरमईत रेषा हळूच उतरते पण फाटे नसतात. मासा उजेडात थोडा तिरपा धरला की हे सगळं दिसतं. एकदा डोळ्याला सवय झाली की पट्टे पुसट असले तरी काही अडत नाही.

लांबी तीच, वय वेगळं

समजा, फळीवरचे दोन्ही मासे अर्ध्या मीटरचे आहेत. दोन्हींची मोजणी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत केली आहे. ठिपक्यांची सुरमई या लांबीला वयात आलेली असते. तिने एकदा तरी अंडी घातली असण्याची चांगली शक्यता आहे. पट्ट्यांची सुरमई मात्र साधारण सत्तर सेंटिमीटरच्या आसपास वयात येते. म्हणजे अर्ध्या मीटरची पट्ट्यांची सुरमई हे पिल्लू आहे, त्या माशाने अजून पुढची पिढी समुद्रात सोडलेलीच नाही.

माझ्या दृष्टीने या साऱ्या नावांच्या गुंत्यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच. एकच नाव, एकच लांबी, एकच तवा; पण एका माशाचं काम होऊन गेलेलं आणि दुसऱ्याचं सुरूही झालेलं नाही. पिल्लं मोठ्या प्रमाणात निघत राहिली की अंडी घालायला मासेच उरत नाहीत, आणि जाळं रिकामं येऊ लागल्यावर त्याचा फटका आधी कोळीवाड्यांना बसतो.

महाराष्ट्रात १ जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद असते, ती प्रजननाचा काळ सांभाळण्यासाठी. पण बंदी उठल्यावर काय पकडावं याला ती पुरी पडत नाही. म्हणून राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी मासळीची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासळी पकडू नये, असा त्याचा अर्थ. या ठरवलेल्या लांबीमागे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बंदराबंदरांवर मासे मोजून जमवलेली माहिती आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं मुख्यालय कोचीला आहे आणि मुंबईत तिचं केंद्र आहे. असा नियम पाळायचा तर आधी जात ओळखता यायला हवी, कारण लांबीचा अर्थ जातीगणिक बदलतो.

*चौकट: सुरमई घेताना*
*उभे पट्टे आणि मागच्या बाजूला एकदम खाली झुकणारी पार्श्वरेषा: पट्ट्यांची सुरमई. हातभर लांबीची असेल तर ते पिल्लू समजावं आणि शक्यतो घेऊ नये.*
*गोल ठिपके आणि हळूहळू उतरणारी, पुढे फाटे फुटलेली रेषा: ठिपक्यांची सुरमई. ही मुळातच लहान असते.*
*तुकडा जवळजवळ वर्तुळासारखा गोल दिसला तर विचारून घ्यावं. सुरमईचं अंग दोन्ही बाजूंनी चपटं असतं, म्हणून तिचा तुकडा लांबट येतो.*
*त्वचा एकसारखी गडद तपकिरी असेल तर ती सुरमई नाही. तो बहुधा कोबिया, ज्याला गोव्यात मोडसो म्हणतात. चांगला मासा आहे, पण कुळ निराळं.*

गोल तुकड्याचा वाहू

गोल तुकड्याचा एक दावेदार म्हणजे वाहू. हाही स्कॉम्ब्रिडी कुळातला, सुरमईचा सख्खा चुलत भाऊ, आणि बाजारात तो सुरमईच्या नावाने खपतो. पण हा किनाऱ्याजवळ फारसा येत नाही. उघड्या, खोल समुद्रात एकटा किंवा विरळ टोळीने फिरतो. लक्षद्वीपच्या पाण्यात तो चांगला मिळतो.

त्याला ओळखायचं तोंडावरून. डोळ्यांच्या पुढचं तोंड उरलेल्या डोक्याइतकं लांब असतं. सुरमईत वरच्या जबड्याच्या हाडाचं मागचं टोक बाहेर दिसतं, वाहूत ते डोळ्यापुढच्या हाडाखाली पूर्ण झाकलेलं असतं. पाठीवरचा पहिला पर खूप लांब, त्यात तेवीस ते सत्तावीस काटे. पट्ट्यांच्या सुरमईत ते पंधरा ते अठरा. आणि कल्ल्याचं झाकण उचलून पाहिलं तर आतल्या कमानीवर दातांच्या फणीसारखे जे काटे इतर माशांना असतात, ते वाहूला मुळीच नसतात. जिवंतपणी त्याच्या अंगावर निळेशार उभे पट्टे असतात; मेल्यावर ते इतके विझतात की पट्ट्यांची सुरमई म्हणून तो सहज खपून जातो. त्याच्या शास्त्रीय नावात सोलँडरचं नाव आहे. कॅप्टन कुकच्या एंडेव्हर जहाजावर गेलेला हा वनस्पतीशास्त्रज्ञ.

वेगाच्या बाबतीत वाहूकडे खरोखर मोजलेला आकडा आहे. १९६४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात वाहू आणि पिवळ्या पराच्या ट्यूनाच्या वेगाची मोजणी प्रसिद्ध झाली. गळाला लागल्यावर दोर ओढत सुटलेल्या वाहूने काही क्षण ताशी सुमारे ७७ किलोमीटर गाठले होते.

पनवेलहून निघालेला रस्ता

राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलला सुरू होतो आणि किनारा धरून कन्याकुमारीला संपतो. जवळपास सोळाशे किलोमीटर. या एका रस्त्यावर एकाच माशाची नावं बदलत जातात. रायगड-रत्नागिरीत सुरमई, सिंधुदुर्ग आणि गोव्यात इसवण, मंगळूरला अंजल, उत्तर केरळात अय्कूरा, त्याच्या खाली नेय्मीन, आणि तमिळनाडूत वंजिरम. प्रत्येक ठिकाणचा माणूस शपथेवर सांगेल की आमच्यासारखा मासा दुसरीकडे नाही. आणि गंमत म्हणजे यातली बहुतेक नावं पुन्हा पट्ट्यांच्या आणि ठिपक्यांच्या अशा दोन्ही सुरमयांना लागू पडतात.

समुद्र ओलांडला की गुंता वाढतो. दुबई किंवा मस्कतला राहणारी मराठी कुटुंबं किंगफिश घेतात तेव्हा ती आपलीच पट्ट्यांची सुरमई असते. तिथे अरबीत तिला कनअद म्हणतात, आणि तिच्या प्रजननासाठी १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर या काळात मासेमारी बंद ठेवली जाते. ऑस्ट्रेलियात किंगफिश मागितला तर हाती येतो तो पिवळ्या शेपटीचा वेगळ्याच कुळातला मासा, आणि आपली सुरमई तिथे स्पॅनिश मॅकेरल या नावाने विकली जाते.

अमेरिकेत तर हा नावांचा घोळ थेट आरोग्याशी जाऊन भिडतो. तिथल्या दुकानात मॅकेरल या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी असतात. अटलांटिक मॅकेरल म्हणजे आपल्या बांगड्याचा जवळचा नातेवाईक. स्पॅनिश मॅकेरल आणि किंग मॅकेरल हे दोघे सुरमईचे भाऊबंद. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर व स्तनदा स्त्रियांसाठी आणि लहान मुलांसाठी जी यादी केली आहे, तीत अटलांटिक मॅकेरल निर्धास्त खाण्याच्या रकान्यात आहे, स्पॅनिश मॅकेरल मधल्या रकान्यात, आणि किंग मॅकेरल टाळायच्या रकान्यात; मार्लिन आणि स्वोर्डफिशही त्याच टाळायच्या रकान्यात.

कारण पारा. पाण्यातल्या पाऱ्याचं सूक्ष्मजीव मिथाइलमर्क्युरी या विषारी रूपात रूपांतर करतात. ते प्लवकांत जातं, प्लवकांना लहान मासे खातात, लहान माशांना मोठे मासे खातात, आणि हे विष शरीरातून फार हळू बाहेर पडत असल्याने प्रत्येक पायरीवर साठत जातं. जितका मासा मोठा, म्हातारा आणि शिकारी, तितका साठा अधिक. तो स्नायूंतल्या प्रथिनांना चिकटलेला असतो, त्यामुळे तळून, शिजवून किंवा मसाला लावून कमी होत नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या लेकीला डोहाळजेवणाच्या दिवसांत आईने फोनवर "मॅकेरल खा, बांगडाच आहे तो" असं सांगितलं, तर तिने डब्यावरचं पूर्ण नाव वाचलंच पाहिजे.

फ्लोरिडाचे मासेमारही किंग आणि स्पॅनिश मॅकेरल ओळखायला पार्श्वरेषेचाच आधार घेतात. किंग मॅकेरलच्या पिल्लांवर पिवळे ठिपके असतात आणि ती हुबेहूब स्पॅनिश मॅकेरलसारखी दिसतात. पण किंगची रेषा दुसऱ्या पाठपराखाली झपकन उतरते. दोघांसाठी पकडण्याची किमान लांबी वेगळी आहे, म्हणून ही तपासणी त्यांना करावीच लागते.

पनवेल-उरणच्या खाड्यांचा मानाचा मासा जिताडा याची गोष्ट उलट्या बाजूची. इथे जात एकच आणि नावं अनेक. गोव्यात तो चणक, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. तिथे गळाने मोठा मासा पकडण्याची हौस असणाऱ्यांचा तो लाडका आहे. खाडीत आणि गोड्या पाण्यातही वाढणारा हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणून खूप मोठा जिताडा दिसला की ती बहुधा मादीच.

चोचवाल्यांचं घराणं

मराठी वाचकाची मार्लिनशी पहिली ओळख बहुधा पुस्तकातून झाली. हेमिंग्वेच्या ज्या कादंबरीचं पुलंनी 'एका कोळियाने' हे मराठी रूप केलं, तीतला म्हाताऱ्याच्या गळाला लागलेला अवाढव्य मासा मार्लिन आहे. खऱ्या जगात गळाने पकडलेल्या मार्लिनचा विक्रम ४ ऑगस्ट १९५३ रोजी पेरूच्या काबो ब्लांकोजवळ आल्फ्रेड ग्लासेल यांनी केला. काळा मार्लिन, वजन सुमारे ७०७ किलो. तो विक्रम अजून टिकून आहे, आणि त्या वेळच्या चित्रीकरणाचा वापर पुढे याच कादंबरीवरच्या चित्रपटात झाला.

मराठीत लांब चोचीच्या कुठल्याही मोठ्या माशाला सर्रास तलवार मासा म्हटलं जातं. त्यात निदान तीन वेगळे प्रकार मिसळतात. कोकणच्या बंदरांवर अधूनमधून येतो तो बहुधा सेलफिश.

खरा तलवार मासा, म्हणजे स्वोर्डफिश, हा आपल्या कुळातला एकुलता एक. त्याची चोच चपटी असते. मोठ्या माशाला खवले नसतात, दात नसतात आणि पोटाखालचे पर तर मुळीच नसतात. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेकच कंगोरा. मार्लिन आणि सेलफिश दुसऱ्या कुळातले; त्यांची चोच गोलसर, पोटाखाली दोन लांब बारीक पर, आणि शेपटीशी प्रत्येक बाजूला दोन-दोन कंगोरे. बंदरावर डोकं कापलेला मासा आला तरी पोट आणि शेपटी पाहून निकाल लागतो.

सेलफिश आणि मार्लिन यांच्यातला फरक पाठीवर दिसतो. सेलफिशचा पाठपर त्याच्या अंगाच्या उंचीपेक्षाही उंच, मधोमध फुललेला, निळा. मार्लिनचा पाठपर फक्त पुढच्या टोकाला उंच आणि मागे बुटका. मार्लिनमध्ये पुन्हा निवड करायची तर छातीचा पर अंगाकडे दाबून बघायचा. काळ्या मार्लिनचा पर ताठ असतो, अंगाला मिटत नाही. निळ्या आणि पट्टेरी मार्लिनचा सहज मिटतो. पट्टेरीचा पाठपर पुढे अंगाच्या उंचीइतका वर येतो, निळ्याचा त्याहून कमी. सातशे किलोचा मासा कुठला हे ठरवायला एक पर दाबून पाहावा लागतो, ही युक्ती मला फार आवडते.

सेलफिशबद्दल जिथे तिथे सांगितलं जातं की तो ताशी ११० किलोमीटर वेगाने पोहतो. हा आकडा फ्लोरिडातल्या एका मासेमारी तळावरच्या जुन्या निरीक्षणातून आला: गळाला लागलेल्या सेलफिशने तीन सेकंदांत शंभर यार्ड दोर ओढला, असं ते निरीक्षण होतं. २०१६ मध्ये संशोधकांनी सेलफिशचे स्नायू किती लवकर आकुंचन पावतात ते मोजलं आणि शेपटीच्या एका फटक्यात तो किती पुढे जातो त्याच्याशी जोडलं. उत्तर आलं, सेकंदाला आठ मीटरच्या थोडं वर, म्हणजे ताशी सुमारे तीस किलोमीटर. मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतला जुना आकडा आता बदलायला हवा.

या चोचवाल्यांना पाहून कुणालाही वाटेल की हे ट्यूना-सुरमईचेच मोठे भाऊ. खुद्द शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ तसंच वाटत होतं. पण जनुकांचा अभ्यास झाल्यावर चित्र उलटं निघालं. मार्लिन आणि स्वोर्डफिश सुरमईपेक्षा आपल्या लेपाच्या, म्हणजे तळाशी चपटा पडून राहणाऱ्या माशांच्या, जास्त जवळचे आहेत. चोचवाले आणि ट्यूना-सुरमई या दोघांनी वेग कमावला तो आपापल्या वाटेने. करवत मासा तर याहून पूर्ण निराळा: त्याच्या लांब नाकाच्या दोन्ही कडांना दात असतात, तो पाकटाच्या जातकुळीतला आहे, आणि २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडायला मनाई आहे.

नोंदवहीतली सुरमई

हिंद महासागरातल्या या माशांवर देखरेख ठेवणारा एक आंतरराष्ट्रीय आयोग आहे, इंडियन ओशन ट्यूना कमिशन. त्याचं मुख्यालय सेशेल्समध्ये आहे आणि भारत त्याचा सदस्य आहे. आयोगाच्या यादीत सोळा जाती आहेत. त्यात पट्ट्यांची सुरमई आणि ठिपक्यांची सुरमई वेगवेगळ्या ओळींवर आहेत. आपला कुपा आहे. निळा, काळा आणि पट्टेरी मार्लिन, सेलफिश आणि स्वोर्डफिश हे पाचही आहेत. मार्लिन आणि सेलफिशसाठी २०१८ मध्ये एक नियम झाला: साठ सेंटिमीटरपेक्षा लहान मासा जहाजावर ठेवायचा नाही. ही लांबी खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत धरतात. चोच मोडलेली असू शकते, म्हणून ती मोजणीतच घेत नाहीत.

पट्ट्यांच्या सुरमईच्या साठ्याबद्दल या आयोगाच्या शास्त्रज्ञांची अलीकडची मूल्यमापनं चिंतेची आहेत. हा मासा गरजेपेक्षा जास्त पकडला जात आहे, असं त्यांचं म्हणणं. पण हे गणित ज्या आकड्यांवर उभं राहतं ते आकडे बंदरांवरून येतात, आणि अनेक बंदरांवर दोन्ही मासे एकाच टोपलीत, एकाच नावाखाली तोलले जातात. मग अशा एकत्रित वजनाची जातवार विभागणी नंतर अंदाजाने करावी लागते. ठिपक्यांची सुरमई लवकर वयात येते, त्यामुळे मासेमारीचा ताण ती तुलनेने अधिक सोसू शकते. पट्ट्यांची कमी होत गेली आणि तिची जागा ठिपक्यांनी भरून काढली, तर टोपलीचं वजन काही वर्षं तेवढंच राहील आणि नोंदवहीतली 'सुरमई' या नावापुढची संख्याही फारशी हलणार नाही.